पारशी बंगल्यातलं कपाट

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात शिरणारा माणूस घ्यायला आलाय की नुसता फिरायला, हे दुकानदाराला त्याच्या हातांवरून कळतं. फिरायला आलेला हात मागे बांधून चालतो. घेणारा प्रत्येक लाकडावर टिचकी मारत येतो. त्या आवाजातून त्याला नेमकं काय उमगतं हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. पण नारळ, कलिंगड आणि लाकूड या गोष्टी टिचकी मारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, असा आपल्याकडे दंडक आहे. टिचकी मारून झाली की तो दोन पावलं मागे सरतो, मान तिरकी करतो आणि आपल्याला या वस्तूची काडीचीही गरज नाही असा चेहरा करून भाव विचारतो. दुकानदाराने हा चेहरा सकाळपासून बऱ्याच जणांच्या मानेवर पाहिलेला असतो. तो त्या चेहऱ्याचे पैसे धरूनच आकडा सांगतो.

जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोड, रिलीफ रोड आणि लिंक रोडच्या आसपास हा बाजार पसरला आहे. इथे नवं फर्निचर आहे, जुनं आहे, जुन्याचं नवं केलेलं आहे आणि नव्याचं जुनं केलेलंही आहे. या शेवटच्या प्रकारावर जास्त मेहनत घेतलेली असते. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला जाऊन यायचं तर उपनगरातल्या माणसाचा अख्खा रविवार खर्ची पडतो, म्हणून आम्ही ओशिवऱ्यावर भागवतो. शिवाय इथला बराचसा माल आमचाच असतो. अंधेरी-बोरिवलीच्या, घाटकोपर-मुलुंडच्या ज्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्या, त्यांतलं जे नव्या टॉवरमध्ये मावलं नाही, किंवा टॉवरमध्ये मावूनही सुनेच्या मनात मावलं नाही, ते इथे येऊन उभं राहतं. कधी एखाद्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन घरातली लांब हातांची आरामखुर्ची दिसते. कधी घाटकोपरच्या गुजराती दिवाणखान्यातला संखेड्याचा झोपाळा आपल्या पितळी साखळ्या पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो. मधूनच एखादं सिंहासन भेटतं. ते कुणा राजाचं नसून मालिकेचं असतं. मालिका बंद पडली की राजा घरी जातो आणि सिंहासन ओशिवऱ्याला. लाकूड, थिनर आणि फोम दाटीवाटीने नांदत असल्यामुळे या भागात आगीही लागतात. मार्च २०२३मध्ये लागली, फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा लागली. आग लागली तेव्हा अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती, हा प्रश्न कुणाला पडला नसेल.

कुठल्याही कपाटापुढे जरा रेंगाळलात की कानावर येणारं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "साहब, पारसी बंगले का माल है." पारशी समाजाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे आणि ओशिवऱ्यात तो वाढतच जातो. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून ५७,२६४ पारशी मोजले गेले. त्यांतले कितीतरी जण बागांमधल्या आणि कॉलन्यांमधल्या बेताच्या ब्लॉकांत राहतात. तरीही त्यांच्या बंगल्यांतून कपाटं, टेबलं, हॅट अडकवायचे स्टँड आणि चार खांबांचे पलंग अखंड बाहेर पडत आहेत. एकेका पारशाने आठवड्याच्या सात वारांना सात पलंग वापरले असतील तरच हा हिशेब जुळतो. कपाटाला आरसा असेल तर तो बेल्जियमचा असतो, मुठी इंग्लंडच्या असतात आणि लाकूड बर्माचं. हे सगळं जग ज्या टेम्पोतून उतरतं, त्याच्या पाठीवर मात्र उल्हासनगरचा पत्ता रंगवलेला असतो.

कहाणी ऐकून घ्यावी. ती फुकट असते आणि बऱ्याचदा कपाटापेक्षा चांगली घडवलेली असते. पैसे लाकडाचे द्यावेत.

वयाचंही तेच. कपाटाचं वय कपाटावर नसतं, गिऱ्हाइकावर असतं. मुलुंडहून आलेल्या माणसाला ते सव्वाशे-दीडशे वर्षांचं म्हणून दाखवतात. तेच कपाट न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेल्या भाच्यासाठी बघतोय म्हणालात तर ते झपाट्याने तरुण होऊन नव्वदीवर येतं. यात चमत्कार नाही, कायदा आहे. पुरावस्तूंबद्दलचा केंद्र सरकारचा १९७२चा कायदा शंभर वर्षं पुरी केलेल्या कलाकुसरीच्या वस्तूला पुरावस्तू मानतो. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि असल्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. हा कायदा एप्रिल १९७६पासून अमलात आहे आणि ज्यांना तो माहीत असायला हवा त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून माझ्या मते वयाची पहिली परीक्षा लाकडाची नव्हे, बिलाची घ्यावी. "दीडशे वर्षं म्हणालात ना, तेवढं बिलावर लिहून द्या." दुकानात थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो. मग बिलावर उमटतं : लाकडी कपाट, नग १. 'जुने' हा शब्द घालायचा तर शेठना फोन करावा लागतो.

यापुढची परीक्षा डोळ्यांची आणि बोटांची. ती शिकावी सुताराकडून. आमच्या सोसायटीत काम करणारे एक मिस्त्री आहेत, मूळचे राजापूरकडचे. त्यांना बरोबर नेलं की बाजारात माझी पत वाढते. ते दुकानात शिरतात आणि कपाटाच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता थेट मागे जातात. "साहेब, तोंडाला पॉलिश कोण पण मारतो," ते म्हणतात. "पाठ बगा. पाठीवर कोण खर्च करत नाय."

खरंच नाही करत. भिंतीकडे वळून उभ्या राहणाऱ्या बाजूवर जुन्या कारागिरानेही वेळ घालवलेला नसतो. त्या फळीवरून तळहात फिरवला तर रंध्याने काढलेले उथळ चढउतार हाताला लागतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. हातकरवतीच्या रेघा सरळ असतात, पण त्यांच्यातलं अंतर कमीजास्त असतं. यांत्रिक करवतीचं गोल पातं फिरलेलं असेल तर फळीवर कमानदार ओरखडे उठतात. आणि पाठीला प्लायवूड निघालं तर मिस्त्री काही बोलत नाहीत, खिशातून चुन्याची डबी काढतात. तंबाखू मळायला लागले की पुढच्या दुकानाकडे चालू पडायचं, हे आमच्यात ठरलेलं आहे.

पाठ पास झाली तर खण. खण पुरता बाहेर काढून उपडा करायचा. हे दुकानदाराला आवडत नाही, आणि त्याला आवडत नाही म्हणूनच ते जरूर करायचं. पुढची फळी बाजूच्या फळीत जिथे अडकते तिथे डव्हटेलचे दाते असतात. हाताने कापलेले दाते एकमेकांशी जुळत नाहीत. एक जाड, एक बारीक, आणि शेजारी सुताराने आखणी करताना ओढलेली रेघ अजून शिल्लक. यंत्राचे दाते सगळे एका मापाचे. खण ज्यांवरून सरकतो त्या पट्ट्या झिजून मध्ये खोलगट झालेल्या असाव्यात. दीडशे वर्षांचा खण एका बोटाने सुर्रकन उघडत असेल तर खण तरी नवा किंवा वय तरी खोटं. मुठीही आतून बघाव्यात. मालकागणिक मुठी बदलतात. बाहेरची जुनी भोकं लांबी भरून, पॉलिश चढवून लपवतात. आतून ती बुजवायची कुणालाच आठवण राहत नाही. बाहेर दोन आणि आत चार भोकं दिसली तर मिस्त्रींचा चेहरा खुलतो.

स्क्रूला खोटं बोलता येत नाही. डोक्याला एकच चीर आणि तीही नीट मधोमध नसेल, तर स्क्रू हातचा आणि जुना. डोक्यावर अधिकाची फुली असेल तर तो १९३०च्या दशकाआधीचा असूच शकत नाही, कारण अमेरिकेत हेन्री फिलिप्सने हा स्क्रू बाजारात आणला तोच त्या सुमारास. विक्टोरिया राणी १९०१ साली वारली. तिच्या काळातलं म्हणून दाखवलेल्या टेबलाखाली अशी फुली दिसली, तर राणीला निदान पस्तीस वर्षं जास्त जगवावं लागतं. अर्थात नंतर कुणी एखादा स्क्रू बदललेला असू शकतो. सगळेच फुलीचे असले तर मात्र राणीला शांतपणे जाऊ द्यावं.

सांध्यात डोकावून डिंक बघावा. जुना सुतार सरस वापरायचा. जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला हा सरस पाण्यात भिजवून, तापवून, गरम असतानाच लावावा लागे. त्या वासाने शेजारी जागे होत. वाळला की तो तपकिरी, ठिसूळ होतो आणि नखाने खरवडला तर खडे पडतात. त्याच्या जागी पांढुरका, रबरी थर दिसला तर ते फेव्हिकॉल. ते आलं १९५९ साली. ते करणाऱ्या पिडिलाइट कंपनीचं मुख्य कार्यालय आमच्या अंधेरी पूर्वेला आहे आणि उपनगरवासी म्हणून मला त्याचा अभिमान आहे. फक्त पेशवेकालीन पेटाऱ्यात तो अभिमान जागा होऊ नये.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती गोल टेबलाची परीक्षा, कारण तिला शिंप्याची टेप पुरते. लाकूड वाळत जातं तसं ते रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळपास नाहीच. त्यामुळे अखंड लाकडाचं खरोखर जुनं गोल टेबल कालांतराने किंचित लंबगोल होतं. एकदा रेषांच्या बरोबरीने मोजायचं, एकदा त्यांना आडवं. दोन आकड्यांत फरक निघाला तर मनातल्या मनात आनंदावं आणि चेहरा पडू द्यावा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर सुतार हुशार आणि टेबल ताजं. भर बाजारात गोल टेबल दोन्हीकडून मोजणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती सोसायची मात्र तयारी हवी.

किडीबद्दल थोडक्यात. भोकं असली म्हणून घाबरायचं कारण नाही. भोकांतून फिकट, ताजा भुसा गळत असेल तर घाबरावं. मुंबईच्या चार महिन्यांच्या ओलीत असला पाहुणा कपाटापुरता राहत नाही, दाराच्या चौकटीपर्यंत जातो. आणि सगळी भोकं एका रेषेत, सारख्या मापाची, सरळ आत गेलेली दिसली तर तो किडा नसून ड्रिल मशीन आहे.

पण हे सगळं करून झाल्यावर मिस्त्री जो प्रश्न विचारतात तो मला दुसऱ्या कुणाकडूनच ऐकायला मिळाला नाही. ते कपाटाभोवती एक फेरी मारतात आणि म्हणतात, "दुरुस्ती खंय दिसत नाय?"

गिऱ्हाईक म्हणून आपण नेमकं उलटं करतो. कुठे डाग नको, टवका नको, ठिगळ नको. शंभर वर्षं वापरलेलं, पण न वापरल्यासारखं दिसणारं, असं काहीतरी आपल्याला हवं असतं आणि बाजार ते आनंदाने बनवून देतो. मिस्त्रींचं म्हणणं असं की, एवढी वर्षं माणसांत राहून ज्या वस्तूला एकदाही दुरुस्ती लागली नाही, ती एकतर वापरलीच गेलेली नाही किंवा एवढी वर्षं झालेलीच नाहीत. आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेल्यांपैकी निम्म्यांचे गुडघे बदललेले आहेत आणि उरलेल्यांच्या डोळ्यांत नवी भिंगं बसवली आहेत. म्हणून कुणी त्यांच्या अस्सलपणाबद्दल शंका काढत नाही. उलट ती ऑपरेशनंच त्यांच्या वयाचा दाखला.

एकदा अशी नजर बसली की एखादी साधी खुर्ची तास तासभर वाचता येते. मूळचा सांधा कुसवाचा : एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी मारलेली. पुढे कधीतरी खुंटी सैल झाली तेव्हा कुणीतरी पाचर ठोकली. पाचरेचं लाकूड त्याच जातीचं, रेषाही जुळवलेल्या; म्हणजे हा माणूस सवडीने काम करणारा होता आणि मालकालाही खुर्चीची चाड होती. नंतरच्या पिढीने पितळी स्क्रू मारला. त्यानंतरच्या पिढीने लोखंडी पट्टी आणून ठोकली, आणि पट्टीभोवती लाकूड काळं पडलं. इथे घरात काहीतरी बिनसलं असावं, निदान पैशांचं तरी. शेवटी फेव्हिकॉल. चांगली दुरुस्ती सापडली तर किंमत थोडी वाढली तरी चालेल. लोखंडी पट्टीचे पैसे मात्र कापून घ्यावेत.

बैठक वेताची असेल तर खाली वाकून चौकटीची कड बघावी. हाताने विणलेल्या बैठकीत वेत एकेका भोकातून ओवलेला असतो, चौकटीभर भोकांची रांग असते. तयार विणलेली जाळी आणून बसवलेली असेल तर भोकं नसतात, एक खाच असते आणि तीत जाळी दाबून वरून पट्टी ठोकलेली. भोकांची रांग आहे आणि वेत नवा आहे, हे उत्तमच. खुर्च्या विणण्याचं हे काम आपल्याकडे कितीतरी अंध कारागिरांनी पोटापाण्यासाठी केलं आहे, आणि कचेऱ्यांतले भलेभले साहेब वर्षानुवर्षं त्या विणीवर बसले आहेत.

झिजेचंही असंच. खोटी झीज सगळीकडे सारखी असते. दुकानाच्या मागच्या अंगाला साखळीचे फटके, चहाचं पाणी आणि काळं पॉलिश वापरून ती एका दिवसात करता येते. खऱ्या झिजेला कारण असतं. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकतात म्हणून ती मधोमध झिजते, मागची झिजत नाही. हाताच्या टोकाशी पॉलिश जातं, कारण उठताना माणूस तिथेच जोर देतो. आणि मुंबईच्या घरातल्या टेबलाचे पाय तळाशी चार बोटं फिकट आणि फुगलेले असतात, कारण रोज सकाळी लादी पुसणारं ओलं फडकं तेवढ्याच उंचीवर आपटतं. परदेशी पुस्तकांत ही खूण सापडायची नाही. कपाटाच्या दाराला आतून दुधाचा हिशेब लिहिलेला असेल, देवाच्या स्टिकरचा चिकट चौकोन असेल, डांबरगोळ्यांचा वास गेला नसेल, तर तो बंगला पारशी असो वा नसो, तिथे माणसं राहत होती एवढं नक्की.

आता 'बर्मा टीक'. हे दोन शब्द उच्चारले की भाव चढतो, म्हणून थोडं सांगतो. बर्माचा साग दाट, सरळ रेषांचा, गाठी कमी असलेला. बल्लारशाकडून येणाऱ्या आपल्या सागात काळसर रेघा जास्त दिसतात, आणि त्यात काही उणेपणा नाही. दोन्हीकडे गाभ्याचं लाकूड तेलकट असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. सालीलगतचं फिकट लाकूड ती आवडीने खाते. तेव्हा फळी कुठल्या देशातली यापेक्षा खोडाच्या कुठल्या भागातली, हे आधी बघावं. शिसवीचं सोपं आहे. एकट्याने उचलली गेली तर ती शिसवी नव्हे, काळं पॉलिश मारलेलं दुसरं काहीतरी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीवर इतकं घनदाट कोरीव काम करत की बसणाऱ्याच्या पाठीवर वेलबुट्टी उमटावी. आजही ते फर्निचर बघायलाच बरं.

बर्माच्या सागाची खरी गोष्ट मात्र ओशिवऱ्यात कुणी सांगत नाही, आणि ती तर आपल्या घरातली आहे. १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. बर्माच्या जंगलांतला साग बाहेर काढणं हा तिचा मोठा धंदा. १८८५मध्ये थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीवर ठपका ठेवला की, लाकूड जास्त तोडलं आणि पैसे कमी भरले, आणि तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबर संपायच्या आत राज्य खालसा झाल्यात जमा होतं आणि राजाची रवानगी झाली, ती पुढच्या वर्षी आपल्या रत्नागिरीला. १९१६ साली तो तिथेच वारला. म्हणजे लाकूड बर्माहून मुंबईला आलं आणि त्याचा मालक रत्नागिरीला. राजापूरच्या मिस्त्रींना हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "थिबा पॅलेस पायलाय. दंड घेताना आधी समोरचो कोण ता बगूचा." मी विषय बदलला.

इराणी हॉटेलातल्या खुर्च्यांनाही सध्या भाव आला आहे. उपनगरांतली इराणी हॉटेलं एकेक करून मिटली आणि त्यांच्या खुर्च्या बाजारात उतरल्या. वाफेवर मऊ करून वाकवलेल्या बीच लाकडाची ही जात मिखाएल थोनेटची. त्याची प्रसिद्ध चौदा नंबरची खुर्ची १८५९ची. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या बसत, म्हणून ती जगभर गेली. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी शोधावी. ती मिळाली नाही तरी वाकवलेलं लाकूड अखंड आहे की तुकडे जोडून गोल केलंय, एवढं रेषांवरून कळतं. बाकी त्या खुर्चीवर बसून बन-मस्का खाल्ल्याचा आनंद घरी आणता येत नाही. घरचा चहा घरचाच लागतो.

खरं तर आम्हा मराठी मध्यमवर्गीयांना असल्या वस्तूंची ओढ का लागावी, हा प्रश्नच आहे. आमच्या घरांतून वारशाने फर्निचर असं आलंच नाही. पाट आले, चौरंग आला, देव्हारा आला, कोकणातल्या घरातलं फडताळ भिंतीतच राहिलं. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याला खुर्चीचा वारसा कुठला? म्हणून आम्ही दुसऱ्याच्या आजोबांचं कपाट विकत आणतो आणि पाहुण्यांना अशा सुरात दाखवतो की ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हावा. आपलं म्हणून जे खरंखुरं जुनं घरात आहे, ते गोदरेजचं कपाट. गोदरेजने पोलादी कपाटं करायला १९२३ साली सुरुवात केली. म्हणजे पहिल्या खेपेतलं एखादं अजून कुठे उभं असेल, आणि ते नसेल असं मानायला मी तयार नाही, तर त्याने शंभरी ओलांडली. घाटकोपरहून मुलुंडला जाताना गोदरेजचं विक्रोळी लागलं की मला हे हटकून आठवतं. त्या कपाटाला कायदा कलाकुसर म्हणेल का, ते वकील बघतील. त्याची पाठ बघावी लागत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि ते पारशी आहे याबद्दल कुणालाच शंका नाही.

एवढं सगळं होऊन कपाट पसंत पडलंच, तर शेवटची परीक्षा घराची. दुकानात ते आटोपशीर दिसतं, कारण दुकानाला छत पत्र्याचं आणि उंच असतं. आपल्याकडे पंखा असतो. निघण्याआधी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि बेडरूमची चौकट मोजून कागद खिशात ठेवावा. मोठी जुनी कपाटं बहुधा सुटी होतात. वरची कंगणी उचलली, पाचरा काढल्या की बाजू आणि दारं वेगळी. बैलगाडीतून, बोटीतून, वाड्याच्या अरुंद जिन्यातून न्यायची म्हणून ती तशीच केलेली असत. तेव्हा दुकानदाराला शांतपणे सांगावं, "सुटं करून दाखवा." ज्याने ते गेल्या महिन्यात डिंक ओतून चिकटवलंय, तो इथे घसरतो. आणि सुटं झालंच तर सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घेऊन ठेवावी. आमच्याकडे सामान नेताना लिफ्टला आतून गोणपाट लावावं लागतं आणि अनामत भरावी लागते.

घासाघीस मिस्त्रींवर सोपवावी. ते दुकानदाराशी अर्धा तास गावाकडच्या पावसाबद्दल बोलतात, मधे दोनदा पाठीच्या फळीकडे बघून सुस्कारा सोडतात, आणि आकडा आपोआप खाली येतो. मग टेम्पो. बाजाराच्या तोंडाशी उभा असलेला टेम्पोवाला सकाळीच बोरिवलीची एक पाडायला काढलेली सोसायटी रिकामी करून आलेला असतो. मागे अजून एक मोडका दिवाण पडलेला. तो आपल्या कपाटाभोवती फिरतो, मिस्त्रींसारखीच एकदा पाठ बघतो आणि भाडं सांगण्याआधी विचारतो, "अंकल, ये रखने का है, या फेंकने का?"

मिस्त्री त्याला म्हणाले, "तू भाडा सांग. दोनीचा सेम ना?"